बॉण्ड किती वर्षांचा?



सित्राला नोकरी करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी डोळे मिटून सांगता येतात. एक म्हणजे वारा कुठून वाहतोय, कारण रिफायनरीचा वास लगेच कळवतो. आणि दुसरी म्हणजे आपलं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय! गेली एकवीस वर्षं मी इथल्या तेलाच्या टाक्यांच्या देखभालीच्या कामात आहे. दर दोन वर्षांनी करार, दर दोन वर्षांनी विमानाचं तिकीट, आणि करार संपायच्या आधीचे तीन महिने झोप उडालेली. आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य असंच मोजलं जातं.

तर झालं असं. मार्च महिन्यातली गुरुवारची संध्याकाळ. मी सित्राचा पूल ओलांडून घरी आलो, हातपाय धुतले, चहा पुढ्यात आला, आणि आमच्या धाकटीने जाहीर केलं की तिला बारावीनंतर एन.डी.ए.ची परीक्षा द्यायची आहे. खडकवासल्याची. सौ.च्या हातातली किसणी हातातच राहिली. थोरला मुलगा कॉम्प्युटर सायन्सला, म्हणजे हिनेही तसंच काहीतरी करावं असं आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं. मी मात्र पक्का आखाती माणूस. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच, की बॉण्ड किती वर्षांचा असतो?

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. तिला अभिमानाचे दोन शब्द हवे असावेत. पण मी तरी काय करणार? इथे पहिल्यांदा आलो तेव्हा मुंबईत सही केलेल्या कागदावर एक काम होतं आणि इथे उतरल्यावर हातात पडलं ते भलतंच. तेव्हापासून सही करण्याआधी बारीक अक्षरातला मजकूर वाचायची सवय लागली, ती लागलीच.

मग मी वाचायला बसलो. नियम वाचले, आणि नियमांच्या नादात एका माणसाचं चरित्र वाचलं. माझं गाव इचलकरंजी. आमच्या लहानपणी आजोबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावच्या थोरातांचं नाव घेत, तेव्हा मिशीवरून हात फिरवत. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. नाव माहीत होतं, पण माणूस माहीत नव्हता. अकादमीतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याचं पुढे काय होतं, तो कशाला बांधलेला असतो, हे मला त्यांच्या आयुष्यातून जेवढं समजलं तेवढं कुठल्याही माहितीपत्रकातून समजलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

थोरातांचा जन्म १९०६ सालच्या ऑगस्टमधला. त्या काळी हिंदी माणसाला फौजेत चढता येणारी शेवटची पायरी म्हणजे सुभेदार मेजर. तीस वर्षं नोकरी झालेल्या, छातीवर पदकं लावलेल्या सुभेदार मेजरनेही कालपरवा विलायतेहून आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा! पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांनी रक्त सांडलं, तेव्हा कुठे १९१८ साली इंग्रजांनी सँडहर्स्टच्या अकादमीत हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या. अख्ख्या देशाला दहा! देशात तेव्हा अशी अकादमीच नव्हती. शिकायला सातासमुद्रापार जायचं, तेही घरच्यांनी पदराला खार लावून. डेहराडूनची अकादमी निघाली १९३२ साली. त्याच वर्षी आपल्या बाहरीनच्या जबल दुखानला तेल लागलं. हा आपला उगीच एक योगायोग, पण सित्रात बसून वाचताना गंमत वाटली.

तर हा वडगावचा मुलगा त्या दहांत बसला आणि १९२६ साली, जेमतेम विशीत, किंग्ज कमिशन घेऊन सँडहर्स्टमधून बाहेर पडला. पुढे लष्करप्रमुख झालेले तिम्मय्याही त्याच वर्षी बाहेर पडले. दोघांची वाट पुढे कितीदा एकत्र आली ते सांगतोच.

कमिशन मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नव्हतं. हिंदी फौजेत जाणाऱ्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला, मग तो गोरा असो की काळा, पहिलं एक वर्ष हिंदुस्थानातल्या एखाद्या गोऱ्या पलटणीबरोबर काढावं लागे. त्यानंतरच हिंदी पलटण. गोऱ्याला ते वर्ष घरच्यासारखं, आपल्या मुलाला मात्र रोजची परीक्षा. काटा कुठल्या हातात धरलाय इथपासून सगळ्यावर नजर!

आणि पुढची मेख याहून मोठी. हिंदी अधिकाऱ्याला हवी ती पलटण मिळत नसे. १९२३ साली सरकारने आठ पलटणी ठरवल्या होत्या, हिंदी अधिकारी फक्त त्या आठांतच जाणार. वरवर पाहता केवढी उदार योजना! आतला हेतू असा, की कुठल्याही गोऱ्या कनिष्ठावर काळ्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करायची पाळी येऊ नये. शिवाय या पलटणींत पूर्वी सुभेदार-जमादार सांभाळत ती कामंही या नव्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात. म्हणजे सँडहर्स्ट तेच, कमिशन तेच, पण एकाचा रस्ता हमरस्ता आणि दुसऱ्याची बोळ. आपण इथे पासपोर्टच्या रंगावरून पगार ठरताना पाहिलेले लोक. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

थोरातांच्या वाट्याला आलेली पलटण म्हणजे चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पहिली बटालियन. या एका बटालियनचा हजेरीपट बघा. पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले अयूब खान याच पलटणीचे, थोरातांना ज्युनियर. आझाद हिंद सेना प्रथम उभी करणारे कॅप्टन मोहन सिंग याच पलटणीचे. लाल किल्ल्यातल्या खटल्यातले शाहनवाज खान आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ, तेही इथलेच! एकच मेस, एकच झेंडा, एकच शपथ. १९४१ च्या डिसेंबरात मलायात ही पलटण जपान्यांपुढे मोडली, तेव्हा थोरात तिच्याबरोबर नव्हते. मोहन सिंग होते. शपथ राजाची की देशाची, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येकापुढे उभा राहिला आणि प्रत्येकाने आपापलं उत्तर दिलं. आज सोफ्यावर बसून त्यांचा निवाडा करायला मी धजावत नाही. मला एवढंच दिसलं, की बॉण्डच्या कागदावर जे कधीच छापलेलं नसतं, ते ऐन वेळी एकट्यानेच वाचावं लागतं.

थोरातांनी आपली शपथ रणांगणावर निभावली. १९४५ चा जानेवारी, ब्रह्मदेशातला अराकानचा किनारा, कांगॉ नावाचं ठिकाण. जपान्यांची माघारीची वाट तिथून जात होती. ती तोडायच्या लढाईत एकावन्न नंबरची ब्रिगेड होती, आणि तिच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख हिंदी होते. तिम्मय्या, थोरात आणि एल. पी. सेन. अशी गोष्ट त्या फौजेत पूर्वी घडली नव्हती. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताखाली गोऱ्याने काम करू नये म्हणून योजना आखल्या, त्या माणसांच्या हातात अख्खी पायदळ ब्रिगेड! थोरात तेव्हा दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे प्रमुख होते. जपान्यांनी टेकडी टेकडी अडवून धरलेली, समोरासमोरची झुंज. तिघांनाही डी.एस.ओ. हे मोठं शौर्यपदक मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवा मंडळी, पुढे लागतील.

कमिशन मिळाल्यापासून या टेकड्यांपर्यंत किती वर्षं गेली? एकोणीस. आजच्या तरुणांना तीन वर्षांत बढती नाही मिळाली तर ते कंपनी बदलतात!

मला स्वतःला सगळ्यात भावला तो कोरियाचा प्रसंग. १९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं, पण हजारो युद्धकैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांचा निर्णय होईपर्यंत त्यांना सांभाळायचं कोणी? हे काम भारताकडे आलं. पाच राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष तिम्मय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. पुन्हा तीच जोडी! दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी तर भारतीय शिपायाला आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. मग आपले जवान इंचॉनच्या बंदरातून, बोटीवरून थेट हेलिकॉप्टरने मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेले गेले. तिथे त्यांनी वसवलेल्या छावणीचं नाव होतं हिंद नगर. कैदी होते जवळपास तेवीस हजार, कुंपणाआड गट करून बसलेले, संशयाने पेटलेले.

सप्टेंबरच्या अखेरीस एक दिवस चिनी कैद्यांनी आपल्या मेजर ग्रेवाल नावाच्या अधिकाऱ्याला ओढून आत नेलं आणि ओलीस धरलं. बाहेर बंदुका होत्या, गोळीबार केला असता तर ग्रेवालही गेले असते आणि शेकडो कैदीही. थोरात मोजक्या माणसांसह त्या कुंपणाच्या आत गेले. भोवती खवळलेला जमाव. आत जाऊन त्यांनी काय करावं? आमच्याकडे पाहुणा आला की त्याला चहा-सिगारेट विचारतात, तुमच्याकडे ही पद्धत नाही का, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी कैद्यांना सुनावलं म्हणे! जमाव वरमला. चहा आला, बोलणी झाली आणि ग्रेवाल सुटले. पुढेही सगळं गोडीगुलाबीत पार पडलं असं नाही. दोन-तीन वेळा गोळीबार करावा लागला, माणसं मेली. पण १९५४ च्या सुरुवातीला ते अवघड काम भारतीय फौजेने पुरं केलं. थोरातांना अशोक चक्र वर्ग दोन, म्हणजे आजचं कीर्तिचक्र, आणि पद्मश्री मिळाली. लढाईत नव्हे, लढाई टाळण्यात शौर्य गाजवलं म्हणून!

आता येतो तो भाग, ज्याने माझी झोप घालवली.

१९५७ साली थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. मुख्यालय तेव्हा लखनौला. १९५९ च्या ऑगस्टमध्ये लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, सरहद्द फौजेच्या ताब्यात आली. थोरातांनी प्रदेश पाहिला, रस्ते पाहिले (म्हणजे नसलेले रस्ते पाहिले), आणि ८ ऑक्टोबर १९५९ रोजी एक सविस्तर टिपण लिहून काढलं. चीन किती ताकदीने येऊ शकतो, कुठून येईल, किती दिवसांत कुठे पोचेल, आपल्याकडे काय आहे, काय नाही. अगदी सरहद्दीला चिकटून विरळ ठाणी मांडून उपयोग नाही, ती फक्त खबर देण्यापुरती. खरी लढाई मागे, जिथे आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते तिथे द्यावी, असा त्याचा गाभा. तिम्मय्या लष्करप्रमुख होते. त्यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवलं. मेनन यांना ती उगाचची भीती वाटली. कागद तिथेच थांबला.

थोरात थांबले नाहीत. आपल्या अधिकारात जे होतं ते त्यांनी केलं. मार्च १९६० मध्ये लखनौला लाल किल्ला नावाचा युद्धसराव घेतला, नकाशावर सगळी लढाई मांडली आणि दाखवून दिलं की हातातल्या सैन्यबळावर ही सरहद्द राखता येणार नाही. तरीही काही हललं नाही.

इथे मला पुन्हा ती चौदाव्या पंजाबची मेस आठवते. एकेकाळी तिथे एकाच टेबलावर जेवलेले अयूब खान १९५८ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानची सत्ता हातात घेऊन बसले होते. सरकार ऐकत नाही म्हणून सरकारच खाली खेचायचं, हाही एक मार्ग असतो, आणि तो शेजारीच चालू होता. थोरातांनी लिहिलं, बजावलं, दाखवलं आणि मंत्र्याचा नकार मान्य केला. मला आधी राग आला. वाटलं, एवढं स्पष्ट दिसत होतं तर हा माणूस ओरडला का नाही? मग लक्षात आलं, की ज्या देशातले जनरल ओरडतात त्या देशांची हालत आपण बघतोच आहोत. अकादमीतला बॉण्ड हाच. खरं ते वरिष्ठाच्या तोंडावर सांगायचं आणि निर्णय झाला की पाळायचा. यातला पहिला अर्धा भाग सोडून फक्त दुसरा पाळणारे पुष्कळ असतात. थोरातांनी दोन्ही पाळले.

त्याची किंमतही मोजली. मे १९६१ मध्ये तिम्मय्या निवृत्त झाले. आपल्यामागे थोरातांनी प्रमुख व्हावं अशी त्यांची शिफारस होती. सरकारने थापर यांची निवड केली. तेही १९२६ चेच आणि सेवाज्येष्ठतेत किंचित पुढे. थोरात त्याच महिन्यात निवृत्त झाले, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर. त्यांच्या जागी ईस्टर्न कमांडला आले ते एल. पी. सेन. कांगॉच्या तिघांतले तिसरे! २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी हल्ला झाला तेव्हा ती आघाडी सेन यांच्याकडे होती. महिन्याभरात बोमदिला पडलं. लाल किल्ल्यात नकाशावर जे मांडलं होतं, ते बर्फात, सुती गणवेशातल्या जवानांच्या अंगावर खरं झालं.

पराभवानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं आणि ते टिपण मागितलं. ते आपल्यापर्यंत पोचलंच नव्हतं, असं नेहरूंच्या बोलण्यातून कळल्याचं थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केलं आहे. मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि निवृत्त थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं गेलं. आधी मी सांगितलं होतं म्हणून आता मिरवायचं, असं काही नाही. बोलावलं, गेले. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम पाहिलं. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना सरकारी सेवेत निवडायचं काम! १९९२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. शपथ घेतली १९२६ ला. बॉण्ड किती वर्षांचा झाला, तुम्हीच मोजा.

आता आमच्या घरचं सांगतो. कारण अंक वाचणाऱ्यांपैकी आणखी कुणाच्या घरी हा विषय निघाला तर उपयोग व्हावा. एन.डी.ए.ची परीक्षा यू.पी.एस.सी. वर्षातून दोनदा घेते. लेखी ९०० गुणांची, आणि त्यात पास झालं तर एस.एस.बी.ची पाच दिवसांची मुलाखत, तीही ९०० गुणांची. परदेशात केंद्र नाही, परीक्षेला भारतात जावं लागतं. खडकवासल्याला तीन वर्षं, नंतर आर्मीवाल्यांना डेहराडूनला एक वर्ष. प्रशिक्षण फुकट, पण मनाने सोडून गेल्यास खर्च भरून द्यावा लागतो. कमिशन मिळाल्यावर लेफ्टनंट, दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथपर्यंत वेळेनुसार आणि ठरलेल्या परीक्षांनुसार. त्यापुढे निवड, आणि शिडी एकदम निमुळती. बरेच जण कर्नलवर, चोपन्नाव्या वर्षी, घरी येतात. पेन्शनला वीस वर्षं लागतात. मध्येच राजीनामा द्यायचा तर सरकारने तो मंजूर करावा लागतो, आपल्यासारखी महिन्याची नोटीस चालत नाही. ज्याला आयुष्य बांधून घ्यायचं नाही त्याच्यासाठी पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशन आहे, दहा वर्षं, हवं तर आणखी चार. मुलींची पहिली तुकडी एन.डी.ए.त २०२२ ला दाखल झाली आणि सतराजणी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडल्या. पायदळ आणि रणगाडे मात्र तेव्हाही मुलींना खुले नव्हते. थोरातांच्या काळच्या आठ पलटणी आठवल्या, बरं का! दार उघडतं, पण आधी एकच फळी.

हे सगळं मी एका वहीत नीट लिहून काढलं आणि धाकटीपुढे ठेवलं. तिने वाचलं. मग विचारलं, की त्या जनरलना शेवटी प्रमुख केलं नाही, ऐकलंही नाही, तर त्यांचा फायदा काय झाला? मला पटकन उत्तर सुचेना. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली की तुझ्या बाबांचा तरी एकवीस वर्षांत काय फायदा झाला, टाक्या गळल्या नाहीत हाच! आम्ही तिघंही हसलो. पण मी रात्री बराच वेळ जागा होतो. टाकी गळली नाही याची बातमी कधी येत नाही. ती न गळावी म्हणून कुणीतरी आधी कागदावर लिहून ठेवलेलं असतं, आणि कुणीतरी ते वाचावं लागतं. तिच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी सित्राला जाताना वारा उत्तरेचा होता, वास नव्हता. पाणी निळंशार. घरून निघण्यापूर्वी मी तिला अर्ज भरायला सांगून आलो होतो. बारीक अक्षरातला मजकूर पूर्ण वाचूनच. परीक्षेसाठी दोघांची मुंबईची तिकिटंही काढली आहेत. ती पास होईल की नाही, एस.एस.बी.त टिकेल की नाही, देव जाणे. पण बॉण्ड किती वर्षांचा, हा प्रश्न मी तिला पुन्हा विचारणार नाही.

तुम्हा सर्वांना, आणि या दिवाळीत सरहद्दीवर पणती न लावता उभ्या असलेल्या सगळ्यांना, दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!